सावलीतली सुट्टी: पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या प्रकल्प नोंदी

9 जानेवारी, मांद्रे

आजपासून क्षेत्रकाम सुरू. उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्याचा केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हा किनारपट्टा आणि आत आगरवाड्याची मिठागरं. माणसं चार प्रकारची: रापणकार (किनाऱ्यावरून दोरांनी मोठं जाळं, म्हणजे रापण, ओढणारे मासेमार), शॅकमधले, म्हणजे वाळूवरच्या हंगामी खाणावळींतले, कामगार, नाक्यावरचे पायलट (मोटरसायकलवरून भाडं नेणारे) आणि मिठागरात राबणाऱ्या बायका-पुरुष. प्रश्न दोन. उन्हापासून हे लोक स्वतःला कसं सांभाळतात, आणि विडी-सिगारेट-तंबाखू सोडायची तर त्यांना काय आडवं येतं.

दोन्ही विषय एकाच अभ्यासात कशाला, असं समितीच्या बैठकीत विचारलं गेलं होतं. तिथे दिलेलं उत्तर इथेही लिहून ठेवते, कारण पुढे पुन्हा पुन्हा लागेल. माणूस एकच आहे, कामाची जागा एकच आहे आणि ओठ, डोळा, चेहऱ्याची कातडी या तिन्ही ठिकाणी ऊन आणि तंबाखू दोघंही घाव घालतात. आरोग्य केंद्रात मात्र दोन वेगळ्या भिंतींवर दोन वेगळी भित्तिपत्रकं.

आणखी एक वाक्य सारखं कानावर येतं: "गोव्यात तंबाखूचा प्रश्नच नाही." त्याला आधारही आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशात 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले आणि गोव्यात 9.7 टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत कमी. कायद्याच्या बाबतीतही गोवा पुढे होता. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा राज्याचा स्वतःचा कायदा 1997 चा, केंद्राचा 2003 चा. याचा मला अभिमान आहे. पण ते सर्वेक्षण घरोघर जाऊन होतं. ऑक्टोबरात येऊन मे महिन्यात परतणारा, शॅकच्या मागच्या खोलीत सहा जणांबरोबर झोपणारा मुलगा त्या यादीत कितपत येणार? राज्याची सरासरी कमी आहे म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाची तलफ कमी होत नाही.

13 जानेवारी, मोरजी

पहाटे रापणीवर गेले. दोर ओढायला दोन्ही बाजूंना माणसं, त्यात साठीच्या पुढचे बरेच. सहा-साडेसहाला ऊन नसतंच. खरं ऊन लागतं ते नंतर: मासळी निवडताना, जाळं सुकत घालताना, फाटलेलं शिवताना. जाळं शिवणारा माणूस तीन-तीन तास मान खाली घालून बसतो. मानेची मागची बाजू आणि कानांच्या पाळ्या काळ्याठिक्कर. डोक्यावर क्रिकेटची टोपी असते. तिला फक्त पुढे पाळ, कान-मान उघडीच. जुने लोक ओला पंचा डोक्यावरून मानेवर सोडतात. तेच जास्त चांगलं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

सनस्क्रीनचं नाव काढलं की सगळे हसतात. ती पर्यटकांची गोष्ट, किंवा मग गोरं व्हायची क्रीम. जाहिरातींनी हे नुकसान करून ठेवलंय. संरक्षणाची वस्तू गोरेपणाच्या नावाने विकली, त्यामुळे पन्नाशीचा रापणकार ती हातात घ्यायलाही लाजतो.

इथे आपणही प्रामाणिक राहायला हवं. ऑस्ट्रेलियात 1981 पासून उन्हाविरुद्धची मोठी मोहीम चालली ती त्वचेच्या कर्करोगासाठी. तिथली गोरी कातडी आणि तिथलं ऊन यांचं गणित वेगळं. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर, त्वचेचा कर्करोग त्या मानाने कमी. ती मोहीम जशीच्या तशी उचलून इथे कर्करोगाची भीती घालणं मला पटत नाही. आपल्याकडे उन्हाचे मोठे बळी म्हणजे डोळे आणि ओठ, आणि उष्म्याने कोसळणारं शरीर. सांगायचं ते हेच.

22 जानेवारी, हरमल

पायलटांच्या स्टँडवर. पिवळ्या-काळ्या मोटरसायकली उन्हात, माणसं वडाखाली. भाडं येईपर्यंत काम काहीच नाही आणि समोर गाडा. सिगारेट सुटी मिळते, एकेक.

ही सुटी विक्री माझ्या डोक्यात घोळतेय. तंबाखू सोडायला मदत करणारा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक (क्विटलाइन) 1800-11-2356 हा 2016 पासून आहे, फोन फुकट लागतो, आणि 2018 पासून तो प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याचा. पण एकेक सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. ते गाडेवाल्याकडे राहतं. स्टँडवर तो क्रमांक एकालाही माहीत नव्हता, दोघांनी चित्र तेवढं ओळखलं. क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून भाड्याच्या दरपत्रकाशेजारी लावायचं ठरलं. पायलटांच्या प्रमुखाने जागा स्वतःच दाखवली.

18 फेब्रुवारी, आगरवाडा

मिठागरात मीठ धरू लागलंय. शापोरा नदीचं भरतीचं पाणी कोंडून घेतलेले चौकोन, आणि दुपारी त्यांच्याकडे नुसतं बघणंही कठीण. वाळूवरून साधारण 15 टक्के अतिनील किरण परत उसळतात, समुद्राच्या फेसावरून 25 टक्के. पांढऱ्या मिठाच्या ढिगाशेजारी वाकलेल्या माणसाला ऊन खालूनही लागतं. टोपीची कड कितीही रुंद असली तरी खालून येणाऱ्या उन्हाला ती कशी अडवणार? तिथे चष्माच हवा, तोही बाजूने झाकणारा.

एका बाईंनी डोळा दाखवला. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकलेलं गुलाबी, त्रिकोणी मांस. वर बारीक लाल शिरा. टोक अगदी काळ्या भागाच्या कडेवर येऊन थांबलेलं. "मिठान जालां गो बाय," म्हणाल्या. वीस वर्षं डोळ्यात मीठ जातंय म्हणून झालं असं त्या धरून होत्या. मीठ आणि वारा डोळा चुरचुरायला लावतात, पण हे मांस वाढण्यामागे मुख्य हात अतिनील किरणांचा. ते बाहुलीवर चढलं तर नजर जाते, त्याआधी शस्त्रक्रियेने काढता येतं. त्यांना नेत्रतपासणीची चिठ्ठी दिली. मुलीला तारीख नीट समजावून सांगितली.

प्रश्नावलीत "तंबाखू वापरता का?" असा प्रश्न होता. बायकांची उत्तरं सरसकट "नाही". मग आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी सहज विचारलं, सकाळी दात कशाने घासता? निम्म्याहून जास्त जणींच्या तोंडून मशेरी निघाली. भाजून कुटलेला तंबाखूच तो. काहीजणींची सकाळ-दुपार-रात्र अशी चालते, आणि एक दिवस नाही लावली तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. म्हणजे ही निकोटीनची तलफच. दात घासायच्या पावडरीत-पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती कशी पोचणार?

एक आजी जवळ बसून ऐकत होत्या. त्यांच्या आईच्या काळी बायका धुमटी ओढायच्या, फणसाच्या पानात गुंडाळलेला तंबाखू, तोही पेटतं टोक तोंडात धरून. गोव्यात टाळूच्या व्रणांवर जुना अभ्यास झाला तो याच सवयीमुळे. आजींनी हाताने करून दाखवलं, ओठ कसे मिटायचे ते. आता कुणी ओढत नाही म्हणाल्या. बरं वाटलं.

4 मार्च, आश्वे

आजची नोंद लांब होणार.

शॅकमध्ये सकाळी अकराला बसले. सनबेड ओळीने लावलेले, त्यावर छत्र्या. वाळूतून थाळे घेऊन जाणारी मुलं मात्र छत्रीबाहेर. स्वयंपाकघर ते शेवटची खाट, पुन्हा माघारी. कर्नाटकातल्या होन्नावरकडचा एक वेटर, वय एकोणीस. त्याच्याबरोबरचा दुसरा थोडा मोठा. बारा वाजता मोठा मॅनेजरला म्हणाला, "एक मारून येतो." मॅनेजरने मान हलवली. तो मागच्या बाजूला माडाच्या सावलीत गेला, पाच-सात मिनिटं बसला, आला. एकच्या सुमाराला पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याच्या मागोमाग आणखी दोघं.

लहानग्याला विचारलं, तू नाही जात?

"मी ओढत नाही ना. मग कशाला जाणार?"

पाणी कधी पितोस, तर चालता चालता. बसतोस कधी, तर साडेतीनला जेवायला. मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याला विचारलं तेव्हा सरळ म्हणाला, "तलफ आली की माणूस चिडतो मॅडम, थाळे पाडतो, म्हणून सोडतो. ज्याला तलफ नाही त्याला कशाला सोडू?" त्याच्या बाजूने हिशोब बरोबरच. पण त्याचा अर्थ असा की या वाळूवर, या उन्हात, सावलीत बसायचा परवाना सिगारेटीने मिळतो. न ओढणाऱ्याला ऊन जास्त.

संध्याकाळी दुसऱ्या शॅकमधला एक मुलगा भेटला. याच हंगामात ओढायला लागलाय. कशी सुरुवात झाली विचारल्यावर खांदे उडवत म्हणाला, "सगळे मागे जाऊन बसायचे. मी एकटाच पुढे उभा." दिवसाला आता चार-पाच होतात.

प्रकल्पाचा मूळ प्रस्ताव काढून वाचला. उन्हाच्या भागात आम्ही लिहिलंय: कामाच्या जागी सावली वाढवावी, दुपारी विश्रांती द्यावी. तंबाखूच्या भागात लिहिलंय: जिथे धूम्रपान होतं त्या जागा कमी कराव्यात. शॅकच्या मागे या दोन्ही जागा एकच आहेत. सावली वाढवली आणि बाकी काही केलं नाही, तर ओढायला जास्त ऐसपैस जागा होईल. ती जागा मोडली तर उन्हातली एकुलती विश्रांती जाईल. दोन्ही शिफारशी एकत्र केल्याशिवाय एकही अमलात आणू नये, असं माझं मत झालंय. मार्गदर्शकांना आजच रात्री लिहिते.

11 मार्च, मांद्रे

मार्गदर्शकांचं उत्तर आलं: "सुट्टी वेगळी काढा, सिगारेट वेगळी काढा." कामाला लागतोय.

प्रस्ताव साधा. दुपारच्या पाळीत दोन वेळा, ठरलेल्या वेळी, सगळ्यांना आळीपाळीने दहा मिनिटं सावलीत बसायचं आणि पाणी प्यायचं. ओढणारा असो वा नसो. मुलांनीच तिला पाणीसुट्टी म्हणायला सुरुवात केली. बसायची जागा धूरमुक्त. शॅक हे खाणावळीसारखं सार्वजनिक ठिकाण, तिथे 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी धूम्रपानाला मनाई आहे. निदान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरची पाटी लावायची, अॅशट्रे-माचिस पुरवायची नाही, हेही त्याच नियमांत. मालकांना नवीन काही सांगत नाही आम्ही, फक्त गिऱ्हाइकांसाठीचा नियम मागच्या अंगणापर्यंत नेतोय.

वेळ कोणती यावर चर्चा झाली. पुस्तकात असतं, सकाळी 10 ते दुपारी 4 ऊन टाळा. याच वेळात ज्याची मजुरी आहे त्याला हे सांगण्यात काय अर्थ? शिवाय गोवा भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेपासून पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला आपल्याकडे साडेबारा उलटतात. मार्चमध्ये तर पावणेएक. म्हणून पहिली सुट्टी बाराला, दुसरी दीड ते दोनच्या मध्ये. घड्याळ नसलेल्यासाठी सावलीचा नियम: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन जोरात आहे असं समजायचं. रापणकारांना हा लगेच पटला. ते सावलीवरून वेळ सांगतातच.

तीन शॅक तयार झाले. चौथ्याने शिगम्यानंतर बघू म्हटलं.

25 मार्च, आश्वे

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आलं. दीर्घ श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा, नळीत सोडायचा. दर दहा लाख भागांत 6 च्या आत आकडा आला तर माणूस बहुधा धूर घेत नाही. धूर बंद केल्यावर हा वायू रक्तातून लवकर उतरतो, एका दिवसात आकडा खाली येतो. मुलांना तो आकडा बघायला फार आवडतं. सिगारेट सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी 19 चा 5 झालेला एकजण यंत्र हातात घेऊन सगळ्या स्वयंपाकघरात फिरला.

पण तंदूरवाल्याचा आकडा भलताच चढा. आयुष्यात विडी ओढली नाही म्हणतो, आणि माझा विश्वास आहे. त्याचा दिवस कोळशाच्या भट्टीपुढे जातो, हा वायू तिथूनच. त्याचं आजपासून सकाळी भट्टी पेटवण्याआधी मोजायचं. मशेरी आणि चघळायचा तंबाखू या यंत्राला दिसतच नाहीत, कारण तिथे धूर नाही. मिठागरात हे यंत्र नेण्यात अर्थ नाही.

तंदूरवाल्याला घरात कोळसा पेटवून खिडक्या बंद करू नकोस एवढं बजावलं, आणि भट्टीवर धुराडं घालायचा विषय मालकाकडे काढला.

3 एप्रिल, मोरजी

तंबाखू सोडणाऱ्यांना कातडीवर लावायला देतात त्या निकोटीनच्या पट्ट्या इथे चालणार नाहीत. घाम आणि खारं पाणी, दुपारपर्यंत पट्टी सुटून पडते. आणि चिकटून राहिली तरी उष्म्याने कातडीतून निकोटीन जास्त वेगाने आत जातं. कुणी कडक उन्हात दोर ओढत असताना मला तो धोका नको. म्हणून चघळायचा निकोटीनचा गम.

2 मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागणाऱ्याला 4 चा. तो चघळायचा कसा हेच शिकवावं लागतं, नाहीतर लोक चिंगमसारखा चावत सुटतात, मग उचकी, मळमळ आणि "हें बरें ना" म्हणत फेकून देतात. दोन-चारदा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. अर्धा तास.

इथली खास अडचण कोकमाची. एप्रिलात किनाऱ्यावरचा प्रत्येकजण कोकमाचं पाणी नाहीतर सोलकढी पितो. उन्हासाठी उत्तम, मी स्वतः सांगते प्या म्हणून. पण आंबट पेयाने तोंडातलं वातावरण आम्लधर्मी झालं की गालातून निकोटीन शोषलंच जात नाही. तंबाखू मळणारा चुना लावतो तो याच्या बरोबर उलट कारणासाठी, चुन्याने निकोटीन मोकळं होऊन पटकन भिनतं. म्हणून नियम असा केला: कोकम, लिंबू, सोडा, चहा यांपैकी काहीही पिऊन झालं की पंधरा मिनिटं थांबायचं, मग गम. पाणीसुट्टीच्या सुरुवातीला पेय आणि शेवटी गम, असा क्रम बसवला.

धूर सोडणाऱ्यांना चहाबद्दलही सांगितलं. धुरामुळे यकृत चहातलं कॅफिन भराभर मोडतं. सोडल्यावर ते मंदावतं आणि तेवढाच चहा आता दुप्पट लागल्यासारखा वाटतो. छाती धडधडते, झोप येत नाही, माणूस म्हणतो विडी सोडली म्हणून झालं. पहिल्या आठवड्यात चहा निम्मा करायचा. हे सांगितलेल्यांपैकी एकाने सातव्या दिवशी फोन करून "चहाचंच होतं" असं कळवलं.

17 एप्रिल, मांद्रे

माटव, म्हणजे मांडव, उभारले. माडाची विणलेली चुडतं, वर दुहेरी थर. प्लॅस्टिकचं निळं कापड मालकांना स्वस्त पडत होतं, पण त्याखाली भट्टी होते. सावली म्हणजे ऊन शून्य असं नाही. मोकळ्या आकाशातून पसरून येणारे किरण बाजूने शिरतात, वाळूवरून उसळतात. म्हणून छप्पर खाली घेतलं, पश्चिमेची बाजू अर्धी चुडतांनी बंद केली. अतिनील किरण मोजायचा मीटर आत धरला आणि बाहेर धरला, मुलांनीच आकडे वाचले. बाहेर 11 च्या वर, म्हणजे जागतिक मोजपट्टीवरचा शेवटचा, अतितीव्र पट्टा. आत मध्यम. ढग आल्यावर पुन्हा मोजायला लावलं, कारण ढगाळ दिवशी ऊन लागत नाही ही समजूत पक्की आहे. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराचसा भाग येतोच.

कपड्यांचंही दाखवलं. शॅकचा गणवेश म्हणजे पातळ पांढरा टी-शर्ट. भिजला की किरण आणखी सहज आरपार. पुढच्या हंगामात घट्ट विणीचा, गडद रंगाचा, लांब बाह्यांचा सैल शर्ट द्यावा, असं दोन मालकांनी मान्य केलंय. तिसऱ्याचं म्हणणं, गिऱ्हाइकांना पांढरा आवडतो.

2 मे, केरी

सूर्य डोक्यावर. या दिवसांत आपल्या अक्षांशावर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शाळेच्या मुलांना घेऊन वाळूत काठी रोवली, साडेबारा उलटल्यावर सावली काठीच्या बुडाशी गोळा झाली. मुलं खूश. मग त्यांना विचारलं, आता तुमच्या बाबांच्या टोपीची सावली कुठे पडते? नाकावर पडते, खांद्यावर नाही पडत, असं एकीने स्वतः टोपी घालून बघून सांगितलं. घरी सांगायला एवढं पुरे.

एका वडिलांनी ड जीवनसत्त्वाचं काय, असं विचारलं. रास्त प्रश्न. दिवसभर बाहेर राबणाऱ्याला त्यासाठी आणखी ऊन घ्यावं लागत नाही, घरात बसणाऱ्यांचा प्रश्न वेगळा.

14 मे, मोरजी

तांडेलांची नोंद. वय बासष्ट, रापणीत त्यांचा शब्द चालतो. मच्छरदाणीतून बाहेर येण्याआधी विडी पेटते, म्हणजे अवलंबित्व तीव्र. फेब्रुवारीपासून मी बोलतेय, ते ऐकतात आणि म्हणतात, "सोडूंक जायना, बाय." फुप्फुसाचं सांगून झालं, काळजाचं सांगून झालं.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी स्वतःहून विचारलं की रात्री समोरच्या होडीचा दिवा फुटल्यासारखा का दिसतो, भोवती वलय का येतं. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात. "वतान काय विडयेन?" उन्हाने की विडीने, हा त्यांचा प्रश्न. मी खरं तेच सांगितलं: दोन्हीनं. ऊन बहुतेक भिंगाच्या कडेकडून गढूळपणा आणतं, धूर भिंगाच्या गाभ्यात. झालेलं परत फिरणार नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल तेव्हा करू, पण वाढीचा वेग आपल्या हातात थोडाफार आहे. बाजूने झाकणारा चष्मा त्यांनी त्याच दिवशी लावला. विडीची तारीख स्वतः ठरवली, सोमवार.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जाणार हे आधीच सांगून ठेवलं होतं. तलफ येते, पाच-दहा मिनिटं टिकते, ओसरते. पुढच्या काही आठवड्यांत दोन तलफांमधलं अंतर वाढत जातं. त्यांनी रापणीवर जाहीर केलं की माटवात कुणी पेटवायची नाही, पेटवायची तर उन्हात उभं राहून. तिसऱ्या दिवशी त्यांची सून मला म्हणाली, घरात सगळ्यांवर ओरडताहेत. पाचव्या दिवशी एक विडी ओढली. सहाव्या दिवशी नाही. आज विसावा दिवस असायला हवा होता, पण ते मोजत नाहीत. ते माटवात बसून जाळं शिवत होते, गालात गम.

त्यांच्यामुळे आणखी चौघांनी तारीख घेतली. दोघं टिकलेत.

शॅकचं चित्र मिश्र. एका ठिकाणी पाणीसुट्टी नेमाने चालते. वेटरांची पाळी फळ्यावर लिहिलेली, आणि होन्नावरच्या मुलाचं नाव पहिलं. दुसऱ्या ठिकाणी आठवड्याचे पाच दिवस चालते, शनिवार-रविवारी गर्दीत बंद पडते, आणि सिगारेटवाले तेव्हाही जातातच. तिसऱ्याने एप्रिलातच सोडून दिली. याच हंगामात सुरू केलेला तो मुलगा दिवसाला दोनवर आलाय. सोडलेली नाही. तो म्हणतो, "आता बसायला मिळतं, पण सवय लागली." म्हणूनच मला ऑक्टोबरातला पहिला आठवडा महत्त्वाचा वाटतो. नवी मुलं येतात तेव्हाच पाणीसुट्टी सुरू असली पाहिजे, फेब्रुवारीत जाऊन उपयोग नाही.

31 मे, हरमल

जागतिक तंबाखूविरोधी दिन. भाषणं टाळली. पायलटांच्या स्टँडवर यंत्र ठेवलं, ज्याला हवं त्याने फुंकावं. गाडेवाल्याने गर्दी बघून स्वतःच विचारलं, तो क्रमांक माझ्या गाड्यावर लावला तर चालेल का? लावला.

उद्यापासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी. शॅक मोडून झाले, मुलं गावी गेली. जाताना नोंदवलेल्या सगळ्यांना गमचा पुरवठा आणि क्विटलाइनचा क्रमांक दिलाय. मुंबई, बेंगळुरू, गुवाहाटीची केंद्रंही 2018 पासून त्या सेवेला जोडलेली आहेत, तेव्हा मराठी-कन्नड बोलणाऱ्याला अडू नये.

9 जून, पेडणे

पाऊस. कार्यालयात बसून पुढची आखणी.

बंदीच्या काळात रापणकारांकडे ऊन नाही, पण रिकामा वेळ आहे आणि पत्त्यांचे डाव आहेत. तारीख घेतलेल्यांना आठवड्यातून एकदा घरी जाऊन भेटायचं, डाव बसतो तिथेच. शेतीवर जाणाऱ्यांना लेप्टो तापाच्या भीतीने डॉक्सिसायक्लिन मिळतं. त्या गोळ्यांनी कातडी उन्हाला जास्त हुळहुळी होते. ढग फाटलेल्या दिवशी बाह्या खाली ठेवा, हे आरोग्य सेविकांच्या सूचनेत घालायला सांगितलं.

मशेरीसाठी वेगळा आराखडा लागेल, पुरुषांच्या विडीचा तिथे चालणार नाही. दात घासणं थांबवा असं सांगता येत नाही. आधी साधी पेस्ट हातात द्यायची, मग दिवसातली दुपारची वेळ तोडायची, मग रात्रीची, सकाळची सगळ्यात शेवटी. आगरवाड्याच्या त्या बाईंची डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यांच्याच ओटीवर पहिली बैठक ठेवायला त्या तयार आहेत.

प्रश्नावली बदलली. पहिला प्रश्न आता तंबाखूचा नाही, उन्हाचाही नाही: "कामाच्या वेळात बसायला कधी मिळतं, आणि त्यासाठी काय करावं लागतं?" मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलरवर काम करणारे ओडिशाकडचे पुष्कळ, त्यांच्यासाठी उडिया भाषांतर चालू आहे. ते हाती आलं की ऑगस्टात बोटी सुटण्याआधी तिथे जायचं.